मदत हवी आहे: मंडळीतल्या मुलांना लैंगिक शिक्षण द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

रविवारची_ताई
आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्च, ऐरोलीची. तरुण संघासाठी लैंगिक शिक्षणाचे सहा तास मी घेते, असं भक्तीनंतर उभं राहून मीच सांगितलं. पाळकसाहेब लगेच हो म्हणाले. पंचांचं म्हणणं, काय बोलणार ते आधी लिहून द्या. पुढच्या रविवारी पहिला तास आहे आणि अजून पान कोरं आहे. कुणी हे काम केलं असेल तर सुरुवात सांगा. 'या भानगडीत पडू नका' लिहिणार असाल तर कृपया लिहू नका, माझं ठरलंय.

नेरुळचा_मास्तर
मुलं किती? वय काय? मुलगे-मुली एकत्र का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रविवारची_ताई
राहिलंच. १९ जण, १२ ते १६ वर्षांचे, एकत्र.

घंटाळीकर
एकत्र अजिबात नको. मुली तोंड उघडणार नाहीत.

नेरुळचा_मास्तर
असहमत. २२ वर्षं शिकवलं मी. आमच्या शाळेत पाळीबद्दल सांगायला मुलींना हॉलमध्ये न्यायचे आणि मुलग्यांना मैदानावर सोडायचे. ते मुलगे पुढे नवरे झाले, बाप झाले, तरी त्यांना पाळी म्हणजे 'बायकांची अडचण' एवढंच ठाऊक. वेगळं करायचंच तर वयाने करा. बारा वर्षांची मुलगी आणि दहावीतला मुलगा यांचे प्रश्न एक नसतात.

आणि शब्द आधी ठरवा. इंग्रजी माध्यमाची मुलं पेनिस, व्हजायना सहज म्हणतात, पण मराठीत त्यांनी फक्त शिव्या ऐकलेल्या असतात. शिश्न, योनी हे शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. 'स्वप्नदोष' मात्र वापरू नका. झोपेत वीर्य बाहेर येणं या वयात नैसर्गिक आहे, त्यात दोष कसला? त्या एका शब्दापायी मी मुलगे महिनोन् महिने घाबरलेले पाहिलेत.

कळव्याची_आई
मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस द्यायला सांगा. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. माझ्या दोघींना दिली.

रविवारची_ताई
लस चांगलीच, पण मी पहिल्या तासाचं विचारतेय हो.

जुना_वाचक
र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. पुढे याच मतांपायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. तेही मिशनचंच कॉलेज. म्हणून म्हणतो, पंचांची संमती लेखी घ्या. तोंडी 'हो' वर जाऊ नका.

वॉर्ड_नंबर_सात
मी नर्स आहे. पालकांना सांगितलंय का?

रविवारची_ताई
नाही. मंडळीत सगळे ओळखीचेच आहेत. उलट 'इथे बोललेलं इथेच राहील' असं मी मुलांना आधीच सांगणार आहे, म्हणजे ती मोकळी होतील.

वॉर्ड_नंबर_सात
ताई, ते वाक्य काढाच. उद्या एखादी मुलगी म्हणाली, 'काका असं असं करतात', तर गप्प राहता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वचन देऊन मोडलंत तर ते मूल पुन्हा कुणालाच सांगणार नाही.

घंटाळीकर
लगेच पोलीस कशाला? मंडळीतलं मंडळीत मिटवता येतं. मुलीचंच नाव खराब होतं.

वॉर्ड_नंबर_सात
'मिटवलेली' मुलगी मी पाहिलीय. तेरा वर्षांची, पोटात दुखतं म्हणून आणली होती. घरात वर्षभर माहीत होतं, मोठ्यांनी बसून मिटवलं होतं, आणि तो माणूस घरी येतच राहिला. नाव त्या माणसाचं खराब व्हायला हवं. ताई, १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पहिल्याच तासाला मुलांना पाठ करायला लावा. सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयासाठी मैत्री क्लिनिक चालतं, तिथल्या समुपदेशकांनाही एका तासाला बोलावून बघा.

घंटाळीकर
एवढं झालेलं असेल तर कळवायलाच हवं, मान्य. पण मुलगे-मुली वेगळेच बसवा.

रविवारची_ताई
वाचून रात्रभर झोप नाही. हे डोक्यातच आलं नव्हतं. आता असं सांगेन: 'तुमचा प्रश्न मी कुणाला सांगणार नाही. पण कुणी तुम्हाला त्रास देतंय असं कळलं तर मदत आणावीच लागेल, आणि कुणाला सांगतेय ते आधी तुम्हाला सांगेन.' चालेल? वयाप्रमाणे दोन गट करतेय. शनिवारी संध्याकाळी पालकांना बोलावलंय. प्रश्नांसाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवणार होते, पण १९ जणांत कोण उठून चिठ्ठी टाकतंय ते सगळ्यांना दिसणार.

वॉर्ड_नंबर_सात
चालेल, अगदी हेच सांगा.

नेरुळचा_मास्तर
सगळ्यांनाच चिठ्ठी टाकायला लावा. ज्याला प्रश्न नाही त्याने 'प्रश्न नाही' एवढं लिहायचं. कागद सारखे, पेनं तुमची. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, उत्तरं पुढच्या रविवारी. तेवढ्यात तुमचीही तयारी होते.

रविवारची_ताई
हे करतेच. शेवटचं एक: पंचांच्या पानावर 'हस्तमैथुन' लिहू का? दोनदा लिहून खोडलंय.

वॉर्ड_नंबर_सात
लिहा. मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतील. 'आम्हाला सांगितलंच नव्हतं' म्हणायला पंचांना जागा नको.