मदत हवी आहे: सीफोर्थ पलटणीच्या टार्टनचा किल्ट मिळाला, बाकीचं काय घालू?

जालनेकर

नमस्कार मंडळी. चार वर्षं स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला आहे. नोव्हेंबरमध्ये इनव्हरनेसला ऑफिसातल्या मित्राचं लग्न आहे. दुपारी दोनला चर्च, संध्याकाळी जेवण, मग मध्यरात्रीपर्यंत 'केली' (ceilidh), म्हणजे त्यांचा सामूहिक नाच. पत्रिकेवर 'हायलँड ड्रेस किंवा ब्लॅक टाय' असं लिहिलंय, म्हणजे किल्टचा स्कॉटिश पोशाख किंवा औपचारिक काळा सूट.

चॅरिटी शॉपमध्ये साठ पौंडांत आठ वारी लोकरी किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा निऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, मिळाला. गडद हिरवा, निळा, काळा आणि त्यात पांढऱ्या-लाल बारीक रेघा. दुकानातल्या आजी म्हणाल्या, हा मॅकेंझी टार्टन (ठरावीक चौकडीचं कापड), सीफोर्थ हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचा. मागच्या प्रत्येक निरीवर नेमकी पांढरी रेघ उभी येते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, "इतक्या निऱ्या माझ्या नऊवारीलाही नाहीत."

अडचण अशी की नवरीचे आजोबा त्याच पलटणीत होते. त्यांच्यासमोर हसं व्हायला नको. म्हणून विचारतो:

काळा प्रिन्स चार्ली (संध्याकाळचा आखूड कोट) घेऊ की आर्गाइल (त्याहून साधा कोट)? भाड्याच्या दुकानात पांढरे पायमोजे, टार्टनचेच फ्लॅश (मोज्यांवर दिसणाऱ्या फिती), नक्षीदार बकलाचा रुंद पट्टा आणि सीलच्या कातड्याचा स्पोरन (किल्टवर पुढे बांधायची पिशवी) असा संच काढून ठेवलाय. घरी माळकरी वातावरण, त्यामुळे सील नको वाटतं. आणि मोज्यात तो छोटा सुरा, स्कीन डू, खोचायचा का? पोलिसांनी धरलं तर?

शेवटचा प्रश्न जरा वेगळा. जुन्या वस्तूंच्या दुकानात या पलटणीचा हत्तीचा बिल्ला दिसला, खाली 'असई' लिहिलेलं. असई म्हणजे आमच्या जालना जिल्ह्यातलं! 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने, पुढे सीफोर्थमध्ये विलीन झालेली 78वी हायलँड पलटण लढली, त्या लढाईची ही खूण. बघताक्षणी विकत घेतला. किल्टच्या पुढच्या पदराला पिन लावतात, तिच्या जागी लावू का? गंमत वाटते आणि थोडं कसंसंही होतं.

शिवणकामवाली

जालनेकर, एडिनबरोत किल्टच्या दुरुस्त्या करते, म्हणून बोलते. प्रत्येक निरीवर एकच रेघ आणणं ही लष्करी पद्धत. नागरी किल्टमध्ये बहुतेकदा निऱ्या मिटल्यावरही मागे टार्टनची पूर्ण चौकट दिसेल अशा घालतात. साठ पौंडांत लॉटरी लागली तुम्हाला.

पत्रिकेवर ब्लॅक टाय आहे, तेव्हा प्रिन्स चार्ली, तीन बटणी वेस्टकोट आणि काळा बो टाय. आर्गाइलवर लांब टाय चालतो, दिवसाच्या लग्नाला तोच बरा, पण तुमचा कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत आहे. वेस्टकोट असेल तर पट्टा नको, तो रुंद बकलवाला परत करा.

पांढरे मोजे बघितले की भाड्याचा संच ओळखू येतो. बाटली-हिरवे घ्या. फ्लॅश साधे लाल, म्हणजे किल्टमधली लाल रेघ उचलून येईल. टार्टनचे फ्लॅश म्हणजे साडीच्या कापडाचीच पर्स!

स्पोरन काळ्या चामड्याचा, वर चांदीसारखी पट्टी असलेला घ्या. संध्याकाळलाही शोभतो आणि सील टळतो. कधी अमेरिकेत न्यायचा झाला तर सीलचा तसाही नेता येत नाही. वेस्टकोटच्या खाली तीन-चार बोटं राहील असा बांधा. नाचताना कमरेवर बाजूला सरकवायचा, नाहीतर उड्या मारताना काय होतं ते एकदा अनुभवाल.

घिली ब्रोगच्या (किल्टवरच्या लांब नाड्यांच्या बुटांच्या) नाड्या घोट्याभोवतीच गुंडाळा, पोटरीवर चढवू नका. किल्टची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर. पिन फक्त वरच्या पदराला टोचा, दोन्ही पदर एकत्र शिवलेत तर बसताना कापड फाटेल. आतून काय घालायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगते: नोव्हेंबर, इनव्हरनेस, नाच. घाला.

निवृत्त_सुभेदार

ताईंनी सगळं सांगितलंय, मी सुरा आणि बिल्ल्याचं बोलतो. मुलाकडे ग्लासगोला असतो. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून स्कीन डू बाळगायला स्कॉटलंडच्या कायद्यात सूट आहे. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजव्या मोज्यात, फक्त मूठ दिसेल इतकाच. समारंभ संपल्यावर कोटाच्या खिशात टाकून पबमध्ये फिरू नका. विमानात हातसामानात नको.

टार्टन कुणीही घालावा, आजोबा काही म्हणणार नाहीत, उलट खूश होतील. बिल्ला मात्र लावू नका बाळ. आपल्याकडेही दुसऱ्या पलटणीची खूण अंगावर लावली तर जुना जवान तुम्हाला कोपऱ्यात घेऊन विचारतो, कोणत्या कंपनीत होतात? साधी पिन लावा. हत्ती खिशात ठेवा आणि आजोबांना दाखवा. लढाईचं गाव तुमच्या घराजवळचं आहे, हे त्यांना तुमच्याकडूनच कळू दे. जमलं तर आदल्या दिवशी फोर्ट जॉर्जचं हायलँडर्स संग्रहालय बघा, इनव्हरनेसहून जवळ आहे.

जालनेकर

ताई, सुभेदार काका, मनापासून आभार. पट्टा आणि पांढरे मोजे परत केले. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण काळा चामड्याचा स्पोरन काढून दिला. आता एकच. स्पोरन कमरेला बांधायला चामड्याचा पट्टा घेऊ की साखळी?

शिवणकामवाली

संध्याकाळ आहे, साखळी.