भिशी तिकडेही आहे

कुणीतरी विचारलंय, पाकिस्तानातला पगारदार माणूस मुलीच्या लग्नाचा खर्च भागवतो कसा? बऱ्याच घरांत उत्तर एकच, 'कमिटी'. आपली भिशीच ती. 'बीसी' असंही म्हणतात. समजा २० जणी दरमहा १०-१० हजार काढतात, चिठ्ठी निघेल तिला २ लाख. गल्लीतली एखादी भरवशाची 'बाजी' (म्हणजे ताई) वहीत हिशेब ठेवते. व्याज नाही, म्हणून धार्मिक घरांनाही चालतं. लग्न ठरलं की पहिला नंबर मागून घ्यायचा, हेही आपल्यासारखंच!

खर्चाला लगाम म्हणून तिकडच्या पंजाब प्रांतात तर २०१६ च्या कायद्याने लग्नात एकच सालन (रस्सा भाजी किंवा मटण-चिकनचा रस्सा). सोबत भात, रोटी, सॅलड, एक गोड. शिवाय रात्री १० ला कार्यक्रम बंद. पाळतात किती, ते सोडा.