संत बर्नार्ड सिस्टर्सियन संघाचे संस्थापक होते का?

प्रश्न: फ्रान्समधल्या क्लेर्व्होच्या बर्नार्डना बरेच जण सिस्टर्सियन संघाचे (कॅथलिक मठवासी संन्याशांच्या एका संघाचे) संस्थापक म्हणतात. पण सनावळ्या जुळत नाहीत. नेमकं काय?

प्रतिसाद १: संस्थापक नव्हेत. संघाची सुरुवात जिथून झाली तो सितोचा मठ मोलेमच्या रॉबर्टनी १०९८ मध्ये काढला, तेव्हा बर्नार्ड जेमतेम आठ वर्षांचे! १११३च्या सुमारास ते सुमारे ३० नातलग-मित्रांना घेऊन तिथे दाखल झाले. मठाधिपती स्टीफन हार्डिंग यांनी १११५ मध्ये त्यांना १२ जणांसह क्लेर्व्होला नवा मठ उभारायला धाडलं. क्लेर्व्होचा मठ त्यांनी काढला म्हणून संघही त्यांचाच, असा घोळ इथेच होतो.

प्रतिसाद २: संघ फोफावला मात्र त्यांच्यामुळेच. कडक उपासांनी पोट कायमचं बिघडलं, तरी प्रवास थांबला नाही. ११४६ मध्ये व्हेझलेला दुसऱ्या धर्मयुद्धाचं (क्रुसेडचं) आवाहन त्यांनीच केलं; ते फसलं आणि खापरही त्यांच्यावरच फुटलं.

प्रतिसाद ३: मृत्यू २० ऑगस्ट ११५३, सणही त्याच तारखेला. संतपद ११७४ मध्ये, पोप तिसरे अलेक्झांडर यांच्याकडून.