एलईडीवर बंदी आहेच, मग बैठका कशाला?

बंदरकाठी: आमच्या मालवणात परवा परत बैठक झाली. गिलनेटवाले, ट्रॉलरवाले, स्कूबावाले, दोन खात्यांचे साहेब. तीन तास, चहा, वडे, फोटो. त्याच रात्री समोर समुद्रात दिव्यांची जत्रा! एलईडी मासेमारीवर, म्हणजे रात्री झगझगीत दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर, केंद्राने 2017 सालीच बंदी घातली. बंदी असलेल्या गोष्टीवर कसली सहमती शोधता? गस्तीनौका वाढवा, विषय संपला.

रापणकाराचो_झील: दादा, तुमचो राग खरो. पण 1987 आठवा. इथे मालवणात 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. आम्हाला विश्वासात घेतलं नाही हा गावाचा आक्षेप आजही तसाच, 'अभयारण्य' म्हटलं की कपाळाला आठ्या. उलट कासवाचं बघा. 2018 पासून जाळं कापून कासव सोडलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई. काकांनी गेल्या वर्षी कापलं. मानेला फास बसलेला, सुरी लावताना काकांचा हात दोनदा थांबला. ते जाळं त्यांनीच रात्री बसून शिवलेलं. फोटो मी काढले. मच्छीमाराचं नुकसान आधी धरलं, म्हणून सुरी चालली.

बंदरकाठी: पैसे कधी आले तेही लिही की.

रापणकाराचो_झील: अकरा महिन्यांनी. पकडलात बरोबर.

ट्रॉलरवालोच_चोर: मी ट्रॉलरमालक. डोक्यावर कर्ज आहे, बोटीवर एलईडी नाही. राज्याची हद्द 12 सागरी मैल, पुढे केंद्राची. राज्याची गस्तीनौका आली की दिवेवाला रेषेपलीकडे जाऊन उभा. कुणाला फोन लावायचा हे दोन्ही सरकारांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय तुमची नौका नुसती डिझेल जाळणार.

पाटीवाली: भांडा तुम्ही. मासळी विकणाऱ्या बायकांना कोणी बोलावलं? 1 जून ते 31 जुलै बोटी बंद, तेव्हा घर सुक्या मासळीवर चालतं. आम्ही सुकवायचो त्या वाळूत आता पर्यटकांच्या गाड्या. बोटाएवढा, वाढ न झालेला बांगडा कोणाच्या बोटीतून उतरतो, ते तुमच्या साहेबांआधी आम्हाला दिसतं. विचारलंत कधी?

बंदरकाठी: ताई, हे मान्य. गस्तीचं माझं मत बदललेलं नाही, पण केंद्राच्या तटरक्षक दलाचा माणूस आणि तुम्ही समोर असाल तर पुढच्या बैठकीला मीही येतो. सोमवारी चार वाजता आहे.

पाटीवाली: चार वाजता लिलाव असतो.