'फेडणे' : लुगडं फेडलं की फाडलं?

प्रश्न : 'तिने लुगडं फेडून दांडीवर टाकलं' या वाक्यात छपाईची चूक आहे का? फेडतात ते कर्ज किंवा नवस ना?

उत्तर : छपाई बरोबर आहे. बांधलेलं, गुंडाळलेलं सोडणं हा 'फेडणे'चा जुना अर्थ. गाठ, निऱ्या, धोतर फेडतात. जे नेसतात तेच फेडतात. सदरा किंवा बंडी अंगात घालतात, म्हणून ती काढतात. 'सदरा फेडला' कानाला खटकेल.

जोडी लक्षात घ्या : तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, तशीच फिटणे-फेडणे. क्रिया आपसूक घडते तेव्हा ट. करणारा आला की ट चा ड, उ चा ओ आणि इ चा ए. निरी फिटते, आपण ती फेडतो. कर्जाचंही तेच. ऋण हे बंधन मानलं की अर्थ आपोआप जुळतो.

भर (दुसऱ्या वाचकाची) : कर्जाचा अर्थ फक्त गाठीवरून आला असं मला वाटत नाही. 'नाहीसं करणं' हा अर्थही तितकाच जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या 16व्या अध्यायात सूर्य 'जगाचें आंध्य फेडित', म्हणजे जगाचं आंधळेपण घालवत, निघतो. लगेच पुढच्या ओवीत 'बांधिलीं सोडित' आणि 'सांकडी फेडित' अशी दोन्ही क्रियापदं शेजारी आहेत : बांधलेल्यांना सोडायचं, संकटं फेडायची. संशय फिटणं, पांग फेडणं याच वाटेचे. पांग म्हणजे उणीव, ददात. आईवडिलांचे पांग फेडणं म्हणजे त्यांची ददात घालवणं. तिथे 'कर्ज' असा अर्थ लावला जातो, तो थोडा अपुरा आहे.

उत्तर : हे पटलं. मग गाठीचा आणि घालवण्याचा, दोन्ही अर्थ मुळाशी धरू.

गाठीसाठी मात्र शब्द नेमका निवडा. सुरगाठ टोक ओढलं की सुटते. निरगाठ नखाने उकलावी लागते. गुंता सोडवतात, शिवण उसवतात, घडी उलगडतात.

आणखी एक जपायचं. स्वतःचं लुगडं फेडणं म्हणजे कपडे बदलणं. दुसऱ्याचं फेडणं म्हणजे विटंबना. दुःशासन द्रौपदीचं वस्त्र फेडू लागतो ते या अर्थाने. म्हणून लिहिताना कर्ता स्पष्ट हवा. तुमच्या वाक्यात तो आहे, तेव्हा काही बदलू नका. फक्त 'लुगडं'च्या जागी 'साडी' घालणार असाल, तर क्रियापद 'सोडून' करा. 'साडी फेडून' आज बोलण्यात बसत नाही.