मदत हवी आहे: तरुणांच्या पाळकांना निरोप कसा द्यावा?

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही ठाण्यातले. आमच्या चर्चमध्ये तरुण संघ आणि कुटुंबांची सेवा बघणारे पाळक महिनाअखेर बदलून जात आहेत. शेवटच्या रविवारी उपासनेनंतर निरोप आहे, आणि तयारी माझ्याकडे आली आहे.

शाल, पुष्पगुच्छ, चार भाषणं एवढ्यावर मला थांबायचं नाही. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा हे पाळक रात्री अकराला भिजत आले, रेनकोटच्या आत कोरडा ठेवलेला डबा आईच्या हातात दिला, प्रार्थना केली आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. हे भाषणात कसं मावणार?

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 20 मध्ये पौल इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेतो, सगळे गुडघे टेकतात, त्याच्या गळ्यात पडून रडतात. तो उतारा वाचावा, की गणना 6:24-26 मधला आशीर्वाद मुलांकडून म्हणवून घ्यावा?

दुसरं म्हणजे पाळकांची मुलगी. सातवीत आहे, सगळ्या मैत्रिणी इथेच सुटणार. समारंभात तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिच्यासाठी काय करता येईल? वर्गणीचे साडेतीन हजार जमलेत. कुणी असा निरोप दिला असेल तर कृपया सविस्तर सांगा.