फ्रेझल व्हर्ब आणि आपली फजिती: अनुभव सांगा

पुट, गेट, टेक, टर्न ही क्रियापदं एकटी असतात तोवर गुणी बाळं. शेजारी अप, ऑफ, आऊट येऊन बसला की ओळखही दाखवत नाहीत. या जोडगोळीलाच म्हणतात फ्रेझल व्हर्ब.

माझी हिंजवडीतली गोष्ट. इंग्लंडमधल्या क्लायंटचा शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, 'वुई विल हॅव टू पुट अप विथ धिस बग फॉर नाऊ'. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर. मी अर्थ लावला की हा बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, यादीत सगळ्यात वर ठेवायचाय. चौघांना शनिवारी कामाला जुंपलं, रात्री अकराला बग निकालात काढला आणि अभिमानाने कळवलं. सोमवारी उत्तर आलं: आभारी आहोत, पण आम्ही तर तो तूर्त चालवून घेणार होतो. पुट अप विथ म्हणजे चालवून घेणं, खपवून घेणं! चौघांतल्या एकाचा त्या शनिवारी सिंहगडाचा बेत होता. तो मला अजून 'पुटअपताई' म्हणतो.

तुमचा असा कुठला फ्रेझल व्हर्ब आहे, जो फजितीमुळे जन्मात विसरला जाणार नाही? लिहा.

मटारउसळ
मी कर्वेनगरची, वय ६८. लेकीच्या बाळंतपणासाठी मँचेस्टरला गेले होते. दवाखान्याची वेळ घ्यायला फोन केला, तर पलीकडची बाई म्हणाली, 'हँग ऑन, प्लीज'. हँग अप म्हणजे फोन ठेवणे एवढं मला ठाऊक होतं, तेव्हा हँग ऐकलं की ठेवायचा. ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा हँग ऑन, पुन्हा ठेवला. म्हटलं, काय माजोरडी बाई आहे! चौथ्या वेळी तीच काकुळतीला येऊन म्हणाली, 'प्लीज डोन्ट गो!' तेव्हा कळलं की हँग ऑन म्हणजे जरा थांबा.

खिचडी_रोज
सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देतोय. अप्पा बळवंत चौकातून पुस्तक आणलं आणि चारशे फ्रेझल व्हर्ब वहीत उतरवले. लुक आफ्टर सांभाळणे, लुक फॉर शोधणे, लुक डाऊन ऑन तुच्छ लेखणे, लुक फॉरवर्ड टू वाट पाहणे. अभ्यासिकेतून मेसला पोचेपर्यंत सगळे लुक एकमेकांत कालवलेले.

शेवटी रूममेटने वही उलटी करायला लावली. क्रियापदावरून नाही, मागच्या शेपटीवरून गट पाड म्हणाला. अप बऱ्याचदा 'संपेपर्यंत, पुरतं' सांगतो: ईट अप म्हणजे खाऊन टाकणे, यूज अप म्हणजे वापरून संपवणे. ऑफमध्ये तुटणं, सुटणं, लांब जाणं असतं: कट ऑफ, टेक ऑफ, सेट ऑफ. पुट ऑफ म्हणजे काम पुढे ढकलणे, कॉल ऑफ म्हणजे ते रद्दच करणे. आता निम्मे तरी अंदाजाने सुटतात.

सिग्नल_तोडू_नका
@खिचडी_रोज, शेपटीची युक्ती बरी आहे, पण मेक अपला लावून दाखवा. सबब रचली तरी मेक अप, भांडून समेट केला तरी मेक अप, बुडलेला तास भरून काढला तरी मेक अप फॉर आणि तोंडाला रंग लावला तरी मेकअपच. आमच्या घरी चारही एकाच संध्याकाळी होतात.

ग्रीसचा_डाग
चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. इंग्रजी यथातथाच, पण ब्रेकडाऊन, शटडाऊन, सेटअप हे शब्द आमच्या तोंडी रोज. गाडीला पिकअप नाही, हे तर रिक्षावाले काकापण सांगतात. म्हणजे फ्रेझल व्हर्ब आपल्याला आधीच येतात, फक्त नाम होऊन येतात. माझी गोची तिथेच झाली. परदेशी ऑडिटरला सांगितलं, 'मशीन इज ब्रेकडाऊन'. त्याला कळलं, पण साहेबांनी नंतर बाजूला घेतलं. नाम असेल तर एक शब्द आणि जोर आधी 'ब्रेक'वर. क्रियापद असेल तर दोन शब्द, जोर 'डाऊन'वर, आणि काळाप्रमाणे बदलणार ते ब्रेक: द मशीन ब्रोक डाऊन. शाळेत कुणी एवढं सांगितलं असतं तर!

खडूची_पूड
शाळेत सांगायला वेळ कुठे असतो, दादा! मीच तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. मराठी शाळांत पहिलीपासून आलं ते २००० साली. शिकलो ते पुस्तकातून. म्हणून आपण पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश सहज म्हणतो आणि पुट ऑफ, पुट अप विथ, पुट आऊटला अडखळतो. ते जड शब्द लॅटिनकडून आलेले, कार्यालयीन. घरातली इंग्रजी या छोट्या शब्दांवर चालते. टेक आणि गेट तर नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांबरोबर इंग्लंडात आलेले. आपल्याकडे नाही का, अर्जात 'सहन करणे' आणि ओट्यापाशी 'खपवून घेणे'?

मुलांची हमखास चूक म्हणजे 'स्विच ऑफ इट'. पंखा असेल तर स्विच ऑफ द फॅन चालतं, स्विच द फॅन ऑफही चालतं. पण 'इट' आला की तो मध्येच बसणार: स्विच इट ऑफ. एवढं पाठ झालं की पोरं 'लुक हर आफ्टर' लिहून मोकळी. ते मात्र लुक आफ्टर हर. कुठला जोड सुटतो आणि कुठला नाही, हे ऐकून ऐकूनच बसतं. मला दुसरा उपाय सापडला नाही.

डेक्कनची_मनी
उलट बाजूचा अनुभव. मी एका जर्मन मुलीला मराठी शिकवते. मी म्हटलं, 'रागाच्या भरात काहीतरी बोलून बसले.' तिने वहीत टिपलं आणि विचारलं, 'कुठे बसलीस?' मग देऊन टाकलं (टाकलं कुठे?), विसरून गेले (गेलीस कुठे?), करून ठेवलं, पडून राहिलं. माझी वाचाच बसली. (ही पण बसली!) त्यात 'लागणे' निघालं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नजर लागते, वेळ लागतो, आंबा गोड लागतो आणि ती माझी कुणीतरी लागते. तिने पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, 'तुम्ही लोक इंग्रजीला का नावं ठेवता?'

पुटअपताई (धागाकर्ती)
नाव बदलून घेतलं, आता लपवण्यासारखं काय राहिलंय. @डेक्कनची_मनी, 'नावं ठेवणे' तिला कसं समजावलंत? बारशाला नावं ठेवतात तेही सांगा.

मटारउसळ
सगळे प्रतिसाद वाचले, छान. आता हँग ऑन ऐकलं की मी फोन कानाशी धरून मेथी निवडून घेते. पण हे हँग आऊट काय प्रकरण आहे? नातू रोज संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर तेच करायला जातो म्हणतो.